पुरात दोनदा बुडालेला हॉल आणि ग्राउंड, नूतनीकरण कुठनं सुरू करावं? (सांगली)

गावभागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, वेळ असेल त्यांनीच वाचा.

सांगलीत गावभागाच्या बाजूला आमचं जुनं क्रीडा मंडळ आहे. नाव घेत नाही, कारण कमिटीतली निम्मी माणसं इथं गुपचूप वाचत असतात आणि उद्या चहाच्या टपरीवर माझीच झडती घेतील. तर एक हॉल आहे, साधारण ५५ बाय ६० फूट, आरसीसी खांब, वर लोखंडी कैच्या आणि सिमेंटचे पत्रे, उंची कडेला १८ फूट आणि मधोमध २६. हॉलच्या मागं छोटी दुमजली इमारत, खाली ऑफिस, व्यायामशाळा आणि एक जुना कुस्तीचा हौदा, वर एक खोली जिच्यात ढाली, मोडकी कपाटं आणि कबुतरं. समोर मातीचं ग्राउंड, एका अंगाला कबड्डी आणि दुसऱ्या अंगाला खो-खो. सगळं बांधकाम १९८४-८५ च्या सुमाराचं.

२०१९ ला कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा हॉलमध्ये साडेसात फूट पाणी होतं, रेघ अजून भिंतीवर आहे, रंग मारायलाच कुणी तयार नाही. २०२१ ला परत आलं, तेव्हापेक्षा कमी पण आलंच. तेव्हापासनं कोबा ठिकठिकाणी फुगलाय, खांबांच्या बुडाशी काँक्रीट सुटून सळया दिसायला लागल्यात, पत्रे चार ठिकाणी गळतात आणि पावसाळ्यात पोरं कोर्टावर बादल्या ठेवून बॅडमिंटन खेळतात, बादलीत शटल पडलं की लेट, म्हणजे पॉइंट परत. मी गंमत करत नाही, नियमच झालाय तो.

आता एक जुने खेळाडू, पुण्यात चांगला धंदा आहे त्यांचा, म्हणाले पहिला मोठा हप्ता मी देतो, पण आधी प्लॅन दाखवा. झालं, तिथनं भांडण सुरू. एका गटाला ग्राउंडवर टर्फ टाकून तासावर भाड्यानं द्यायचंय म्हणजे मंडळाला कायमचं उत्पन्न होईल, दुसऱ्या गटाला हॉलमध्ये लाकडी फ्लोअर टाकून बॅडमिंटन अकॅडमी काढायचीय, आणि अध्यक्ष म्हणतात आधी सगळं चार फूट उचला, भराव टाका, मग काय ते करा. एका आर्किटेक्टनं फुकट थ्रीडी चित्र काढून दिलंय, त्यात कॉफी शॉप पण आहे. संडास मात्र थ्रीडीत कुठं दिसला नाही.

सुरुवात कशानं करावी? कुणी असं काम केलं असेल तर सांगा. उगाच भारी दिसणारं नको, पाच वर्षांनी पण वापरात असेल असं पाहिजे.

सिव्हिलवाला_मिरज

थ्रीडी गुंडाळून ठेवा, आधी खांब बघा. सळया दिसायला लागल्यात असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात पण माझ्या दृष्टीनं सगळा प्रश्न तिथंच आहे. महापालिका हद्दीत ३० वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच करून घ्यायचं असतं, तुमची ४० ची झाली, आणि आत पोरं खेळतात, घराण्याचा वाडा नाही तो.

ऑडिट म्हणजे नुसता माणूस येऊन भिंतीवर टकटक करून गेला असं नको. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक (न फोडता काँक्रीट तपासायच्या टेस्ट), आणि एक साधी टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. खांबाचा छोटा टवका ताजा फोडायचा आणि त्यावर फिनॉलफ्थॅलिन फवारायचं. काँक्रीट चांगलं असेल तर क्षणात गुलाबी-जांभळं होतं. जिथं रंगच येत नाही तिथं काँक्रीटचा अल्कलीपणा गेला, म्हणजे आतल्या सळीचं संरक्षण संपलं, ती आज ना उद्या गंजणार. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून काँक्रीट आतनं ढकलून सुटतं. मग गवंडी येतो, वरनं सिमेंट थापतो, दोन पावसाळ्यात ते परत सुटतं आणि सगळे म्हणतात पुरामुळं झालं. नीट करायचं तर सुटलेलं सगळं सळीच्या मागपर्यंत फोडायचं, सळी घासून गंज काढायचा, जिथं सळीच खाल्ली गेलीय तिथं नवी जोडायची आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट, म्हणजे खांबाभोवती नवा थर. महाग वाटेल, पण टर्फच्या आधी हे.

आता अध्यक्षांच्या चार फुटाचं. गणित सरळ आहे. हॉलमध्ये साडेसात फूट पाणी होतं, चार फूट उचललं तर पुढच्या तसल्याच पुरात साडेतीन फूट आत असणारच. म्हणजे पूर थांबला नाही, पण कडेची उंची १८ वरनं १४ झाली आणि मधली २६ वरनं २२. बॅडमिंटनच्या स्पर्धेला कोर्टावर किमान ९ मीटर मोकळी उंची धरतात, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १२. तुमच्याकडं मधोमध धरलं तरी आत्ताच आठ मीटरला कमी पडतंय. भराव टाकून हॉलचं गोडाऊन कराल. आणि ग्राउंडवर भराव म्हणाल तर आधी पाटबंधारे खात्याच्या नकाशात बघा तुम्ही निळ्या रेषेच्या आत आहात का निळ्या आणि लाल रेषेच्या मधे. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतनं एकदाची. निळीच्या आत असाल तर भराव विसराच, आणि तुमचं पाणी शेजारच्या गल्लीत जाणार ते वेगळंच.

त्यापेक्षा पाणी येणार हे धरूनच बांधा. डीबी (विजेचा वाटप बोर्ड), मेन स्विच, इन्व्हर्टर सगळं २०१९ च्या रेघेच्या वर, वायरिंग वरनं खाली आणायचं, खालनं वर नाही. भिंतींना जिप्सम, प्लाय, लॅमिनेट काही नको, साधा सिमेंटचा गिलावा. दारं लोखंडी, फ्लश डोअर फुगून बसतात. फरशीला दाराकडं हलका उतार आणि दाराशीच मोठ्या पाईपचा नळ, कारण पाणी उतरतं त्याच दिवशी गाळ ओला असतानाच धुवून काढला तर निघतो, एकदा वाळला की पहारीनं उकरावा लागतो. आणि पाणी गेटातनं येण्याच्या आधी गटारातनं येतं. चेंबर उलटं वाहायला लागतं. तिथं पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवा, किरकोळ खर्च आहे, छोट्या पुरात तेवढ्यानं पण हॉल वाचतो.

कोबा फुगलाय तो सगळा पुराचा दोष नाही. सांगलीची काळी माती आहे, भिजली की फुगते, वाळली की आकसते. कोबा फोडून खालची काळी माती निदान दोन-तीन फूट काढा, मुरूम भरून थराथरानं पाणी मारून दाबा, सोलिंग (दगडाचा थर), पीसीसी (साधं काँक्रीट) आणि मग वर काय ते. नुसतं वरनं टाईल चिकटवली तर दुसऱ्या उन्हाळ्यात परत तेच.

शटलवेडा

वरच्या साहेबांचं पटलं, पण उंचीचा बाऊ नको. जिल्ह्याची स्पर्धा घ्यायची नाही, पोरं शिकवायचीत तर आठ मीटरमध्ये शिकवता येतं, उंच लॉब मारताना कैचीला लागतं तेवढंच.

माझी भीती वेगळी आहे. कोब्यावर नुसती विनाइल मॅट टाकून अकॅडमी काढू नका. दिसायला हिरवंगार दिसतं आणि वर्षभरात पोरांचे गुडघे, टाचा दुखायला लागतात, कारण खाली दगडच असतो. लाकडी फ्लोअर बॅटनवर उभं असतं म्हणून ते दबतं, उडी पचवतं. पूर येणाऱ्या जागी बॅटनखाली पाणी आणि गाळ जाऊन बसणार हे खरं, आणि सागाचं असू दे नाहीतर मेपलचं, चार दिवस पाण्यात राहिलं की गेलं. पॅनेलमध्ये उचलता येणारं लाकडी फ्लोअर मिळतं, पण महाग आहे आणि पूर यायच्या रात्री पॅनेल वर न्यायला वीस माणसं कुठनं आणणार.

लाईटचं कुणी बोललंच नाही. तुमचे दिवे आत्ता बरोबर कोर्टाच्या डोक्यावर असणार, सगळीकडं असतात. शटल वर गेलं की डोळ्यात दिवा. दिवे कोर्टाच्या लांबीच्या दोन्ही बाजूंना घ्या, डोक्यावर नको. सरावाला ३०० लक्स (उजेडाचं माप) पुरतं, क्लबच्या मॅचेसना ५००. पत्रे बदलताना मधे मधे पारदर्शक पत्रे घालायची टूम निघते उजेडासाठी, ते कोर्टावर अजिबात घालू नका, सकाळी ८ वाजता त्यातनं ऊन थेट तोंडावर येतं. आणि बेसलाईनच्या मागच्या भिंती पांढऱ्या नको. गडद हिरव्या किंवा निळ्या, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं शटल शोधत बसा.

दोन कोर्ट बसतात तुमच्या मापात, आरामात नाही पण बसतात. तिसरं घुसवू नका.

खोखोवाल्या_पोरीची_आई

सगळे पुरुष लिहितायत वाटतं, म्हणून मी लिहिते. माझी मुलगी नववीत आहे, खो-खो खेळते, तुमच्या नाही पण अशाच एका मंडळात.

गावभागकर, तुम्ही शेवटी गमतीत लिहिलंत ना की संडास थ्रीडीत दिसला नाही, माझ्यासाठी पहिलं काम ते आहे. आमच्याकडं प्रॅक्टिस साडेपाच ते आठ. पोरी दुपारी तीननंतर पाणी पीत नाहीत. का, तर ग्राउंडवरचं बाथरूम मुलांचं आहे, कडी आतनं लागत नाही आणि किल्ली ज्यांच्याकडं असते ते सात वाजता घरी जातात. अडीच तास पळायचं आणि पाणी प्यायचं नाही. उन्हाळ्यात दोघी चक्कर येऊन पडल्या तेव्हा सरांनी पालकांना सांगितलं की मुलींना नाश्ता देत जा. नाश्त्याचा काय संबंध? आठवीत बारा जणी होत्या, आता पाच उरल्यात, आणि सगळे म्हणतात मुलींना दहावीचं टेन्शन. दहावीला अजून वर्ष आहे.

दोन संडास, एक कपडे बदलायची खोली, आतनं लागणारी मजबूत कडी, झाकणाची कचऱ्याची बादली, चोवीस तास पाणी, आणि आतल्यापेक्षा बाहेरचा दिवा महत्त्वाचा, संडासापासनं गेटपर्यंत. किल्ली कुणा एकाच्या खिशात नको. एवढं केलंत तर अर्ध्या मुली परत येतील, मी लिहून देते.

दुसरं, टर्फ. टर्फचा सगळ्यात महाग टाईम कुठला? संध्याकाळी सहा ते दहा. पोरापोरींच्या प्रॅक्टिसचा टाईम कुठला? तोच. पहिलं वर्ष म्हणतील पोरांना सहा ते आठ राखीव, दुसऱ्या वर्षी म्हणतील सोमवार ते गुरुवार राखीव, तिसऱ्या वर्षी पोरांनी सकाळी साडेपाचला यायचं. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या दोन्ही टीम जिंकल्या, दोन्हीचे कॅप्टन महाराष्ट्राचे. आणि आपल्या गावात खो-खोचं ग्राउंड खणून त्यावर हिरवा गालिचा टाकून ऑफिसमधली माणसं बॉक्स क्रिकेट खेळणार. राग येतो म्हणून लिहिलं.

आता खो-खोच्या मोठ्या स्पर्धा पण मॅटवर होतात. पोरी वर्षभर मुरमावर पळतात आणि सिलेक्शनला मॅटवर गेल्या की पोल टर्नला, म्हणजे खांबाभोवती वळताना, पाय घसरतो. जमलं तर त्याचं काहीतरी बघा.

लाल_माती

ताई बरोबर बोलल्या. तालमीत पण आता पोरी येत्यात, त्यांना कपडे बदलायला जागा नाही ही खरी लाजेची गोष्ट.

गावभागकर, तो हौदा बुजवू नका हां. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचा जिल्हा हाय आपला, आणि जिकडं तिकडं हौदा बुजवून ट्रेडमिल. पुराच्या पाण्यात हौद्याची माती गेली म्हणजे हौदा गेला असं नसतंय. गाळ बसलेली माती वरनं खालपर्यंत सगळी काढायची, अर्धी ठेवायचा मोह नको, त्यात काचा, खिळे, गटाराची घाण सगळं असतंय, खरचटलं की पोरगं पिकतंय. हौदा महिनाभर उघडा वाळू दे, भिंतीला चुना मार, मग नवी तांबडी माती चाळणीनं चाळून भर. त्यात गोडं तेल, ताक, लिंबू, कापूर, कडुलिंबाचा पाला आणि हळद. हळदीला आपल्या सांगलीत तोटा हाय व्हय, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली हळद आपली. मार्केट यार्डात शब्द टाक, पोतं फुकट मिळंल.

कुस्तीच्या मॅटचं कोण बोललं तर सांगतो, पूर्ण मॅट १२ बाय १२ मीटरची, मधला कुस्तीचा गोल ९ मीटरचा. तुमच्या हॉलमध्ये बसती, पण मग बॅडमिंटनवाले कुठं जाणार. मातीत तयार कर पोरं, मॅटला दुसऱ्या तालमीत ने आठवड्यातनं दोन दिवस. सगळं सगळ्यांनी एकाच छपराखाली करायचं म्हटलं की कुणाचंच धड होत नाही.

टर्फभाऊ

ताईंचा राग समजतो पण टर्फवाल्यांना एवढं व्हिलन करू नका, मी स्वतः विश्रामबागकडं टर्फ चालवतो, पोट आहे त्यावर. पण खरं सांगतो, तुमच्या जागी टाकू नका. माझ्या फायद्याचं बोलतोय असं वाटेल, तरी ऐका.

टर्फच्या पात्यांच्या मधे सिलिका वाळू आणि रबराचे दाणे भरलेले असतात, त्यावर ते उभं असतं. पुराचा गाळ त्यात जाऊन बसला की तो निघत नाही. वरनं धुतलं की हिरवं दिसतं, खाली सिमेंट झालेलं असतं, पाणी झिरपायचं बंद. कर्नाळ रोडच्या बाजूला एकाचं पुरात गेलेलं मी बघितलंय, शेवटी कापून रोल करून फेकलं, आणि फेकायला पण पैसे पडले. पूर नाही आला तरी रोजच्या भाड्याच्या वापरात सात-आठ वर्षांत पाती झिजून चट्टे पडतात, म्हणजे तेवढ्यात मूळ पैसे सुटून नव्याचे पण बाजूला पडले पाहिजेत. हे दुसरं गणित कुणी करत नाही, सगळे महिन्याचं बुकिंग गुणिले बारा करून खूष.

बुकिंगचं तर ताईंनी बरोबर पकडलं. दुपारी १२ ते ५ फुकट दिलं तरी कुत्रं येत नाही, उन्हात टर्फ मातीपेक्षा लई जास्त तापतं, गुडघा टेकला तर भाजतो. पैसा संध्याकाळीच. त्यात पावसाळ्यात अर्धं, परीक्षेत अर्धं, आणि रात्री १० नंतर आवाजावरनं शेजारी पोलिसांना फोन करतात. गावभागात तर घरं चिकटून आहेत.

उत्पन्नच पाहिजे तर हॉल सकाळी ६ ते ९ आणि रात्री ८ नंतर मोठ्यांच्या बॅडमिंटनला द्या, महिन्याची फी घेऊन. चाळिशीतल्या माणसाला डॉक्टरनं व्यायाम सांगितला की तो बॅडमिंटनच खेळतो. मधला वेळ पोरांचा ठेवा.

हिशेबनीस

दोन-तीन कागदाच्या गोष्टी, कारण शेवटी काम तिथंच अडतं.

पहिलं, जागा कुणाची? मालमत्ता पत्रक काढा. महापालिकेची भाडेपट्ट्यानं असेल तर करारात वापर काय लिहिलाय आणि मुदत कधी संपते बघा, आणि डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) क्रीडांगणाचं आरक्षण असेल तर ते कॉफी शॉप थ्रीडीतच राहणार. जागा ट्रस्टची स्वतःची असेल तरी टर्फवाल्याला पाच-दहा वर्षांसाठी लिहून देता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. अकरा महिन्यांचे करार परत परत करून पळवाट काढतात लोक, एखाद्या सभासदानं तक्रार केली की सगळं उघडं पडतं.

दुसरं, विश्वस्तांचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात वेळेवर दाखल आहेत का? जुन्या मंडळांत हमखास असं असतं की कागदावरचे विश्वस्त निम्मे वारलेले असतात आणि चालवणारे भलतेच. अशा मंडळाला ना अनुदान मिळतं ना बँक नीट उभं करून घेते.

तिसरं, तुमच्या दात्यांना ८०जी ची, म्हणजे इन्कमटॅक्स सवलतीची पावती लागणार. नोंदणी चालू आहे का बघा आणि २००० रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, तेव्हा चेक किंवा ऑनलाईनच. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांचा निधी) डोक्यात असेल तर १२ए (ट्रस्टची इन्कमटॅक्स नोंदणी), ८०जी आणि सीएसआर-१ ची नोंदणी तिन्ही पाहिजेत. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं, म्हणून प्रस्तावात 'इमारत दुरुस्ती' असा मथळा न देता किती मुलंमुली, कुठला खेळ, कोण प्रशिक्षक ते आधी लिहा. कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांच्या मागं धावू नका, आधीच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यातलं एकतरी असेल त्यांनाच तो खर्च बंधनकारक आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडं व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा दोन अनुदान योजना आहेत, तिथं समक्ष जाऊन सध्याचे निकष विचारून घ्या.

गावभागकर

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काल कमिटीत ताईंची सहा ते दहाची गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली. टर्फ गटातले एक काका म्हणाले की ही कोण बाई, तिला आपल्या मंडळाचं काय माहीत. मग कबड्डीच्या सरांनी रजिस्टर काढून मुलींची हजेरी वाचली आणि मीटिंग जरा गप्प झाली. टर्फचा विषय मेला नाही, पण वर्षभर बाजूला गेलाय. मालमत्ता पत्रकाला अर्ज टाकलाय. विश्वस्तांचं हिशेबनीस म्हणाले तसंच निघालं, नऊतले चार वर गेलेत.

सिव्हिलवाले साहेब, दोन शंका. हॉलला लाकडी नको, नुसतं विनाइल पण नको, मग पोरं खेळणार कशावर? आणि पत्रे बदलायचे तर कैच्या पण बदलाव्या लागतील का?

सिव्हिलवाला_मिरज

पृष्ठभागाचं असं. खाली चांगल्या बेसवर कोटा फरशी किंवा नीट घोटलेला कोबा, जो पुरात गेला तरी धुवून परत तोच. त्याच्यावर उचलता येणारं. कबड्डीला एक मीटर बाय एक मीटरच्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट येतात. पुरुषांचं मैदान १३ बाय १०, म्हणजे नुसत्या मैदानाला १३०, चारी बाजूंनी एक-एक मीटर जास्त घेतलं तर १५ बाय १२, १८० मॅट. मुलींचं १२ बाय ८ त्यातच आखता येतं, वेगळ्या रंगाच्या पट्टीनं. खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतं, ते हॉलमध्ये बसत नाही, पण पोल टर्नचा सराव मॅटवर एका पोलाभोवती घेता येईल, ताईंनी सांगितलेला त्रास तेवढ्यानं बराच कमी होईल. बॅडमिंटनला शटलवेडा म्हणतात ते खरंय, दगडावर पातळ विनाइल नको. खाली फोमचा जाड थर असलेलं रोलचं विनाइल घ्या, चिकटवू नका, टेपनं जोडा. लाकडाइतकं होणार नाही पण गुंडाळून वर नेता येतं.

आणि हो, वरची खोली कबुतरांकडनं परत घ्या. दार मोठं करा, जिना चार फूट रुंद करा. तो जिना तुमच्या सगळ्या नूतनीकरणातला सगळ्यात कामाचा भाग आहे. आयर्विनला ४० ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. तुमच्याकडं पाणी कितीला येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, त्याच्या पाच फूट आधी मॅट वर गेल्या पाहिजेत असं लिहून भिंतीवर लावा आणि किल्ल्या कुणाकडं ते पण लिहा. कोयनेतनं विसर्ग वाढवल्याची बातमी आली की व्हॉट्सॅपवर चर्चा करत बसू नका.

पत्रे. सिमेंटचे पत्रे रंगीत लोखंडी पत्र्यापेक्षा साधारण तिप्पट जड. म्हणजे नवीन पत्रा टाकला की कैचीवरचं वजन कमीच होणार, त्या बाजूनं चिंता नाही. पण लोक इथं फसतात, जड पत्रा वाऱ्याला स्वतःच्या वजनानं बसून राहतो, हलका पत्रा वळवाच्या वाऱ्यात वर ओढला जातो. म्हणून हुक, बोल्ट, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे दांडे) आणि कैच्यांच्या मधली ब्रेसिंग (तिरके आधार) नव्यानं तपासून घ्या. कैच्या गंजल्या किती ते ऑडिटवाला सांगेल, जोडाच्या प्लेटा आणि भिंतीत बसलेली टोकं बघायला सांगा, मधला दांडा सगळ्यांनाच चांगला दिसतो. पत्र्याखाली इन्सुलेशन घाला, नाहीतर एप्रिलमध्ये भट्टी आणि जुलैमध्ये पावसाच्या आवाजात शिट्टी ऐकू येणार नाही.

तुमचे जुने पत्रे त्या काळातले म्हणजे ॲस्बेस्टॉसचे असणार. हातोड्यानं फोडून खाली पाडू देऊ नका, ठेकेदार तेच करायला बघतो कारण झटपट होतं. पाणी मारून ओले करायचे, नट सोडवून अख्खे उतरवायचे, कटर लावायचा नाही, माणसांना चांगले मास्क, आणि त्या दिवसांत हॉल पूर्ण बंद. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही आणि त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो.

खोखोवाल्या_पोरीची_आई

पोलाभोवती मॅट ही आयडिया आमच्या सरांना सांगते. आणि गावभागकर, रजिस्टर वाचणाऱ्या सरांना नमस्कार सांगा. संडासाचं काम कधी धरलंय ते लिहा, तारीख लिहा.

गावभागकर

ताई, ऑडिट पुढच्या आठवड्यात. संडास खांबांसाठी थांबणार नाही, ती वेगळी बांधणी आहे कंपाउंडच्या कडेला, त्याचं कोटेशन मागवलंय, दिवाळीच्या आत चालू करायचं ठरलंय. किल्ली तिघांकडं, त्यातल्या एक महिला प्रशिक्षक.

टर्फभाऊ

ते उतरवलेले पत्रे कुणाला द्यायचे नसतील तर मला सांगा, मळ्यात गोठ्यावर टाकायला होतील. टेम्पो माझा.

सिव्हिलवाला_मिरज

भाऊ वरचं वाचलं का नाही? गोठ्यावर टाकताना भोकं पाडणार, कापणार, फुटका तुकडा बैलाच्या गव्हाणीत पडणार. नको. गावभागकर, ठेकेदाराच्या ऑर्डरमध्येच लिहा की पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी पोचवायचे आणि पावती आणायची, पावती नसेल तर शेवटचं बिल नाही.

टर्फभाऊ

बरं राहिलं. मग त्या लोखंडी गेटचं काय करणार आहात?